नववी ब मधला धोंडिराम

"तू कोण?" शेलार सरांनी विचारलं.

मी उभा राहिलो. "अरुण दगडू काळोखे. नववी ब."

"हे नाव झालं. मी विचारतोय, तू कोण?"

मी मागे वळून बघितलं. म्हटलं, प्रश्न मागच्या बाकाला असेल. पण मागच्या बाकावर नंद्या शिंगटे दोन बोटांनी बाक वाजवत बसला होता आणि माझ्याकडं बघून हसत होता.

शेलार सर आमचे पीटीचे, आणि वर्गशिक्षकही तेच. त्या वर्षी जिल्ह्याला कसलंसं शिबिर होतं. बाकीच्या शिक्षकांना शिकवायचं असतं म्हणून हेडसरांनी यांना पाठवलं, आणि सर तिथून 'विचारतास' घेऊन परत आले. बुधवारी पहिला तास. मुलांनी बोलायचं, सरांनी ऐकायचं. सरांना नियम दोनच. एक, उत्तर सांगायचं नाही. दुसरा, हात उचलायचा नाही. पहिला नियम त्यांनी सहज पाळला, कारण उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्यासाठी ते दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून उभे राहत.

"बोल की," सर म्हणाले.

"सर, त्याला काय विचारताय?" नंद्या मागून ओरडला. "तो पुढल्या गुरुवारी बदलणार हाय!"

वर्ग हसला. मी खाली बसलो. लपवून ठेवलेली गोष्ट होती अशातला भाग नाही, पण वर्गात अजून आली नव्हती.

झालं होतं असं. माझी आत्या, म्हणजे वडलांची धाकटी बहीण, गजराआत्या, तिला मूल नव्हतं. तिचा नवरा बळवंतराव शिंगटे. आमच्या वाघोशी गावात 'शिंगटे ब्रास बँड' त्यांचा. लाल कोट, सोनेरी झालर, पंचवीस माणसं. बळवंतरावांना बँडला वारस पाहिजे होता. आत्या आमच्या घरी येऊन रडली. आत्या रडली की माझे वडील काहीही देत. आधी एकदा रडली होती तेव्हा दुभती म्हैस गेली होती. आम्ही तीन भाऊ. थोरला हाताशी आलेला, धाकटा आईच्या कडेवर. उरलो मी. पंधरा पूर्ण व्हायच्या आत दत्तक द्यावं लागतं म्हणून घाई. गुरुजींनी गुरुवारचा मुहूर्त काढला, आईनं माझी नवीन चड्डी शिवायला टाकली. मला कुणी काही विचारलं नव्हतं. म्हशीलाही विचारलं नव्हतं.

"थांब," सर म्हणाले. शिबिरातली काहीतरी गोष्ट त्यांना आठवली असावी, कारण त्यांचे डोळे चमकले. "दत्तक गेल्यावर याचं नाव काय होणार?"

"धोंडिराम बळवंत शिंगटे," मी म्हणालो. बळवंतरावांच्या मेलेल्या वडलांचं नाव धोंडिराम. त्यांची ती एकच अट होती.

पहिल्या बाकावरून कमरुन मुलाणी उठली. कमरुन आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, आणि तिला ते माहीत होतं. "सर, याचं नाव गेलं. बापाचं नाव गेलं. आडनाव गेलं. वडील आता याचे मामा होणार, आई मामी होणार, भाऊ मामेभाऊ होणार. मग याचं म्हणून राहिलं काय?"

"चड्डी!" नंद्या म्हणाला.

"ती पण नवीन शिवलीय," मी म्हणालो.

सरांचे खांदे हलले. हात मात्र पाठीमागेच राहिले. "हसण्यावारी नेऊ नका. आपला खो-खोचा संघ घ्या. दर वर्षी पोरं बदलतात. आज त्यात पहिल्या संघातलं एक तरी पोरगं आहे का? नाही. तरी तो आपलाच संघ. कशावरून?"

"दर वर्षी फायनल हरतो त्यावरून," कमरुन म्हणाली.

सरांनी तो धागा तिथंच सोडला. फायनल हा विषय त्यांना लागत असे.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. माझा उजवा हात वर गेला.

"काय पाहिजे?" सरांनी विचारलं.

"काही नाही सर. तात्या."

माझे वडील एसटीत ड्रायव्हर. त्यांची गाडी शाळेच्या खिडकीला जवळजवळ घासूनच जायची. जाताना ते तीनदा हॉर्न द्यायचे, आणि मी आत कुठंही असलो तरी माझा हात वर व्हायचा. पहिलीपासूनची सवय. एकदा इतिहासाच्या तासाला असाच हात वर झाला आणि बाईंना वाटलं मला पानिपताचं कारण माहीत आहे.

"याचा हात गाडीला बांधलाय," सर म्हणाले. "बरं, पुढं."

पुढं जे झालं ते नंद्यामुळं. तो म्हणाला, "सर, माणसाला जे म्हणाल ते माणूस होतंय. आमच्या कुत्र्याला आम्ही आधी राजा म्हणायचो, मग वाघ्या म्हणायला लागलो. चार दिवसांत वाघ्या झालं."

"कुत्र्याचं वेगळं," कमरुन म्हणाली. "माणसात काहीतरी तसंच राहतं."

"काय राहतं?"

"ते मला अजून सापडायचंय."

"मग लाव पैज. आजपासून याला सगळ्यांनी धोंडिराम म्हणायचं. कुणी अरुण म्हटलं तर यानं ओ द्यायची नाही. बुधवारपर्यंत याला सवय लागली तर मी जिंकलो."

"आणि हरेल त्यानं?"

"मुतारीला पाणी घालायचं. महिनाभर."

दोघांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जीवशास्त्राच्या तासाला बेडकाकडं बघतात तेवढंही नाही. सर मात्र इतके खूश झाले की हात पुढं घेऊन त्यांनी टाळी वाजवली. शिबिरात त्यांना सांगितलं होतं म्हणे की मुलांनी स्वतःहून प्रयोग सुचवला तर तास यशस्वी समजावा.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीला सर "धोंडिराम शिंगटे" पुकारायला लागले. मी "हजर" म्हणायचो. मग ते "अरुण काळोखे" पुकारायचे. मी गप्प. "गैरहजर," सर म्हणायचे आणि तशी खूण करायचे. प्रयोग म्हणजे प्रयोग.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला मजा आली. अरुणचं गणित झालेलं नसायचं, पण अरुण गैरहजर होता. अरुणनं कोपऱ्यातली कुंडी फोडली होती, तीही गैरहजर माणसानं फोडलेली. धोंडिरामवर कसलाच आरोप नव्हता. तिसऱ्या दिवशी पोरं आपोआप धोंड्या म्हणायला लागली. चौथ्या दिवशी पटांगणात मागून कुणीतरी "धोंड्या" म्हणून हाक मारली आणि मी वळलो. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. नंद्याच्या आलं. त्यानं तिथंच डब्याच्या झाकणावर ताल धरला.

घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. तात्या त्या आठवड्यात रात्रीच्या गाडीवर होते. मी उठायच्या आत झोपलेले आणि मी शाळेतून यायच्या आत गेलेले. त्यामुळं खिडकीखालनं हॉर्नही वाजला नव्हता. आई दत्तविधानाच्या जेवणाची तयारी करत होती. लाडू वळताना मधेच उठून परड्यात जाऊन यायची. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणायची, "धूर जातोय डोळ्यांत." चूल पेटलेलीही नसायची.

बुधवार उजाडला. मुहूर्त दुसऱ्या दिवशी. तात्या परत आमच्या रस्त्याच्या गाडीवर आले होते, आणि स्टँडवर चहा पिताना त्यांना आमच्या शाळेचा शिपाई भेटला. शिपाई म्हणाला, "काळोखे, पोरगं आजारी आहे का? आठवडाभर गैरहजर लागतंय." तात्या म्हणाले, "रोज डबा घेऊन निघतोय की घरनं." दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दत्तकाची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. घरून निघणारं आणि शाळेत न पोचणारं पोरगं काय करत असेल, हे तात्यांनी आपल्या मनानं पुरं केलं.

विचारतास नुकता सुरू झाला होता. खिडकीबाहेर एसटी येऊन थांबली. थांबा नसताना थांबली. मग खाकी कपड्यातले तात्या वर्गाच्या दारात उभे राहिले. घाम आलेला.

"सर, आमचा अरुण?"

आता सर सरळ बोट दाखवू शकले असते. मी तिसऱ्या बाकावर, दारासमोरच बसलो होतो. पण सरांच्या आयुष्यात विचारतासाला असा पाहुणा कधी आला नव्हता. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि वर्गाला विचारलं, "मुलांनो, अरुण आहे का वर्गात?"

"नाही सर!" वर्ग एका सुरात.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "हे काय बसलंय."

"हा कोण, हाच तर प्रश्न आहे," सर म्हणाले.

"तात्या, हा धोंडिराम बळवंत शिंगटे," नंद्यानं माहिती दिली.

तात्या मला म्हणाले, "अरुण."

मी बाकावरच्या शाईच्या डागाकडं बघत राहिलो. नियम होता. बरं, नियम मोडला असता तर मला काय कुणी फाशी देणार नव्हतं. पण मी बघतच राहिलो.

"अरुण, ऊठ."

कमरुन उठली. तिचा आवाज पडला होता. "काका, हा प्रयोग आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून—"

एवढ्यात बाहेर गलका झाला. ड्रायव्हर गेला कुठं म्हणून अर्धी गाडी खाली उतरली होती. खिडकीच्या गजांमागं तोंडं दिसायला लागली. कोंबडीची पाटी घेतलेली एक बाई, दोन म्हातारे, कंडक्टर लोखंडे, आणि सगळ्यांच्या मागं लाल कोट आणि सोनेरी झालर. वरच्या गावात लग्नाला निघालेला अख्खा शिंगटे ब्रास बँड त्याच गाडीत होता.

"काय झालं?" एक म्हातारा.

"पोरगं सापडंना," लोखंडे.

"ते काय बसलंय!"

"ते न्हवं म्हणत्यात."

"ते न्हवं कसं? बापावर तर गेलंय नाकात."

"अवो, पर दत्तक दिलंय न्हवं? मग ते आता त्यांचं न्हाई," पाटीवाली बाई म्हणाली.

"उद्या द्यायचंय. आज त्यांचंच हाय."

"शब्द दिला म्हंजे दिला की!"

सर हे सगळं मान डोलावून ऐकत होते. वर्गात इतकी चर्चा आजवर कधी झाली नव्हती.

मग बळवंतरावांनी लोकांना बाजूला सारून खिडकीत तोंड घातलं. मोठा माणूस, मोठ्या मिशा, काखेत क्लॅरिनेट. "काय झालं पाव्हणं? कुठाय आमचा धोंडिराम?" आणि त्यांनी बँडवाल्याच्या आवाजात हाक मारली, "धोंडिराम!"

मी ताडकन उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "ओ!"

आठवडाभर हेच केलं होतं. तोंडातून गेलं.

"बघितलासा!" बळवंतराव ओरडले. "आत्तापासनं ओ देतंय! रक्त वळाखतंय रं!" त्यांनी मागं वळून नुसती मान हलवली, आणि बँड सुरू झाला. शाळेच्या पटांगणात, सकाळच्या पहिल्या तासाला, वरातीची चाल. दहावी अ वर्गाबाहेर आली. हेडसर बाहेर आले. नंद्या कधी खिडकीतून उडी मारून गेला ते कळलंच नाही. एका बँडवाल्याच्या गळ्यातला छोटा ड्रम त्यानं आपल्या गळ्यात घालून घेतला होता आणि काड्या अशा चालवत होता की मूळचा ड्रमवाला कौतुकानं बघत बाजूला उभा.

या सगळ्यात तात्या दारातून हलले नव्हते. बँड थांबल्यावर त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "सवय लागली म्हणायची."

मग सरांना म्हणाले, "हजर आहे ना, एवढंच बघायला आलो होतो. पोरगं गेलं कुठं म्हणून जरा... बरं, येतो. गाडीला उशीर झाला."

आणि गेले. चला चला म्हणत लोखंडेनं सगळ्यांना गाडीत कोंबलं. सरांनी हात सोडून बाजूला लोंबू दिले. शिबिरात पुढं काय करायचं ते सांगितलेलं नसावं.

गाडी सुरू झाली. खिडकीवरून सरकत गेली. पत्रा, एक खिडकी, दुसरी खिडकी, लाल कोट, कोंबड्या. हॉर्न वाजला नाही.

"काय पाहिजे?" सरांनी विचारलं.

मी वर बघितलं. माझा हात वर होता.

"काही नाही सर," मी म्हणालो. "तात्या."

"हॉर्न तर वाजलाच नाही," कुणीतरी म्हणालं.

कमरुन माझ्या हाताकडं बघत होती. पैज जिंकल्यावर ती नेहमी सगळ्या वर्गाला सांगायची. त्या दिवशी मात्र नुसती खाली बसली.

गिरणीपाशी गाडीचे ब्रेक कचकन लागले. मग लोखंडेची शिट्टी ऐकू आली. एकामागून एक, सारखी. गाडी मागं येत होती. गाढव हाकलत, सायकलवाल्याला गटारात घालत, अख्खी एसटी उलटी येत होती. ती आली आणि ड्रायव्हरची खिडकी आमच्या खिडकीसमोर थांबली. तात्या आणि मी समोरासमोर, मधे फक्त गज. माझा हात अजून पुरता खाली आला नव्हता.

"हात कशाला वर केलास?"

"केला नाही. झाला."

तात्या खिडकीतून जरा पुढं वाकले. इंजिन धडधडत होतं. गाडीतली सगळी माणसं या बाजूला वाकली होती.

"तू कोण?" त्यांनी विचारलं.

आठवड्यात दुसऱ्यांदा हा प्रश्न आला होता. पहिल्यांदा मी नाव सांगितलं होतं. आता कुठलं सांगायचं? माझ्या मागं सर श्वास रोखून उभे होते.

"तात्या, मला जायचं नाही," मी म्हणालो.

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"कुणी विचारलंच नाही."

तात्यांनी गियरच्या दांडीवर हात ठेवला. पुढं रस्त्याकडं बघत म्हणाले, "आज विचारलं ना? बास मग." आणि हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब. मी अगदी समोर असताना. कानठळ्या बसल्या.

"ओ पाव्हणं!" गाडीतून बळवंतराव ओरडले. "बास म्हंजे? मी सांगितलंय लोकांना! वाजवून झालंय माझं!"

त्यांना उत्तर द्यायला कुणी नव्हतं, कारण त्याच वेळी पटांगणातून ड्रमचा आवाज आला. नंद्या अजून तिथंच होता. सगळं जग विसरून वाजवत होता. ड्रम त्याच्याच गळ्यात राहिला होता.

म्हणजे गाडी परत आली ती माझ्या हातासाठी की ड्रमसाठी, हे नक्की सांगता येत नाही. लोखंडे शेवटपर्यंत म्हणायचा, "ड्रम राहिला म्हणून बँडवाल्यानं बोंब मारली आणि मी बेल दिली." तात्यांना आरशात आमची खिडकी दिसत असे, हेही खरं. मी त्यांना पुढं दोनतीनदा विचारलं. ते म्हणायचे, "गाडी मागं घ्यायला लागली, घेतली." ते गेले तेव्हाही उत्तर त्यांच्याजवळच राहिलं. शेलार सरांचा पहिला नियम तात्यांइतका कुणीच पाळला नसेल.

बळवंतराव ड्रम घ्यायला खाली उतरले. काढून घ्यायला हात पुढं केला आणि तसाच ठेवून ऐकत राहिले. मग विचारलं, "कुणाचा रं तू?"

"सदूचा. धाकट्या आळीतला. शिंगटेच हाय मी पण."

ही तर अडचण होती. सदू शिंगटे बळवंतरावांचा चुलतभाऊ, आणि बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. म्हणून तर आत्यानं माहेरचं पोरगं धरलं होतं.

"किती भाऊ तुम्ही?"

"पाच. कुणीबी घेतलं तर मी आत्ता जायला तयार हाय," नंद्या म्हणाला. काड्या थांबल्या नव्हत्या.

मुहूर्त मोडला नाही. लाडूही वाया गेले नाहीत. बांधाचा खुंटा दोन हात सरकला आणि पुढल्या दिवशी नंदकुमार सदाशिव शिंगटे याचा धोंडिराम बळवंत शिंगटे झाला. तीनातले दोनच शब्द बदलले. आत्या आमच्याकडं येऊन रडली. तात्यांनी या वेळी रेडकू दिलं. आई परड्यात गेली नाही. त्या दिवशी चूल पेटली होती, धूरही खूप होता, पण तिच्या डोळ्यांत गेला नाही.

मुतारीला पाणी शेलार सरांनी घातलं. पैज कोण हरलं ते त्यांना ठरवता येईना, आणि दोघंही हटून बसली. नंद्याचं म्हणणं, याला सवय लागली, सगळ्या गाडीनं ऐकलं. कमरुनचं म्हणणं, हात वर झाला, सगळ्या वर्गानं बघितला. विचारतास पुढल्या महिन्यात बंद झाला. हेडसर म्हणाले, विचार करायला हरकत नाही, पण बँड आणू नका.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं. बँड अर्थात शिंगट्यांचा. नंद्या आता पोट सुटलेला, मिशा बळवंतरावांसारख्या ठेवलेला. वरात निघायच्या वेळी तो एका कडेला कोटाची बटणं लावत उभा होता. मी दुसऱ्या कडेला पाहुण्यांना टोप्या घालत होतो. माझ्याशेजारी कमरुन उभी होती. ती आमच्याच शाळेत हेडबाई होऊन आता निवृत्त झालीय.

कुणीतरी मंडपातून जोरात हाक मारली, "धोंडिराम!"

"ओ!" नंद्या म्हणाला.

"ओ!" मी म्हणालो.

दोघंही वळलो होतो. माझ्या हातातली टोपी पाहुण्याच्या डोक्यावर अर्धीच राहिली.

कमरुननं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग पदर खोचत म्हणाली, "शेलार सर तर गेले. आता मुतारीला पाणी कोण घालणार?"